गोगलगायीची मान

लहानपणी घरात मला ‘गोगलगाय’ म्हणत. मी कमी बोलायचो, सावकाश जेवायचो आणि कुणी आवाज चढवला की अंग चोरून बसायचो. धाकटी बहीण अगदी उलट. दिसेल ती वस्तू उघडून बघायची. बाबा कारखान्यात फिटर होते. ती सातवीत असताना तिने त्यांचं बंद पडलेलं मनगटी घड्याळ चालू करून दिलं आणि त्या दिवसापासून ते तिला ‘मिस्त्री’ म्हणू लागले. मला ते ‘अरे’ म्हणत. अरे, जरा पाणी आण. अरे, दार लाव.

मी पुढे वेल्डर झालो. खिडक्यांच्या जाळ्या आणि जिन्याचे कठडे करणाऱ्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं काढली. याच्या हातचा एकही सांधा आजवर सुटलेला नाही, असं आमचा मालक गिऱ्हाइकांना सांगतो. मी तेव्हा खाली बघतो. लोकांना तो विनय वाटतो.

सुटला होता एक. अकरा वर्षांपूर्वी.

त्या वर्षी आमच्याकडे घरी बनवलेल्या गाड्यांची मिरवणूक निघायची होती. इंजिन चालणार नव्हतं आणि सगळा माल टाकाऊ हवा होता. बहिणीचं तेव्हा मिक्सर, पंखे, शिलाई मशिनी दुरुस्त करायचं दुकान होतं, त्यामुळे टाकाऊ मालाला तोटा नव्हता. एक दिवस ती माझ्याकडे आली ती हसतच.

“तुझ्याच नावाची गाडी करतेय दादा. गोगलगाय! आणि म्हणीप्रमाणे पोटात पाय.”

पोटातले पाय हीच तिची खरी करामत. इस्पितळातल्या मोडक्या खाटेची चौकट, तिला सायकलींची चार चाकं आणि पत्र्याच्या पोटाआड लपवलेले पेडलचे दोन जोड. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, गाडी आपली आपणच सरकतेय. जुन्या पाण्याच्या टाकीचा पत्रा वळवून वळवून तिने शंख केला. टेबलावरच्या दिव्यांच्या वाकणाऱ्या दांड्या म्हणजे शिंगं आणि त्यांच्या टोकाला स्कूटरचे आरसे म्हणजे डोळे. मागे एक झारी बांधली होती. तिच्यातून पाणी ठिबकायचं आणि जमिनीवर ओली रेघ उमटत जायची. शंखाच्या माथ्यावर न्हाव्याच्या दुकानातली जुनी फिरती खुर्ची. त्या खुर्चीत बाबा बसणार होते.

बाबा नुकतेच निवृत्त झाले होते आणि दिवसभर घरामागच्या शेडमध्ये तिच्याभोवती घोटाळत असायचे. त्यांचा तिच्याशी वाद फक्त मानेवरून. मान म्हणजे चौकटीला पुढच्या हँडलशी जोडणारा पाइप. तिने त्यासाठी खाटेचाच हलका पाइप घेतला होता.

“मिस्त्री, ही मान कच्ची आहे. जाड पाइप घाल.”

“जाड घातला तर पुढे वजन येईल बाबा, गाडी वळणार नाही. हे बघा.” ती वही उघडून आकडे दाखवायची. “हा पुरतो. वेल्ड तेवढा पूर्ण हवा. तो दादा मारेल.”

मिरवणुकीच्या आदल्या दुपारी मी मशीन घेऊन शेडमध्ये गेलो. सांधा जागेवर धरण्यासाठी आम्ही आधी टाके मारतो. शिंपी कच्ची शिवण घालतो तसंच ते. मग टाक्यांवरून पूर्ण वळसा फिरवला की सांधा पक्का. मी चार टाके मारले आणि तोंडासमोरची काच वर केली, तेवढ्यात बाबा शेजाऱ्याला गाडी दाखवायला घेऊन आले. शंख दाखवला, डोळे दाखवले, झारी दाखवली. प्रत्येक वेळी, “आमच्या मिस्त्रीचं काम!” शेजाऱ्याने माझ्याकडे बघून विचारलं, “आणि हे काय करतात?”

“तो?” बाबा हसले. “तो चिकटवतो.”

शेजारी हसला. बहीणही हसली. तिच्या मनात काही नव्हतं, पण मला ते फार झोंबलं. मी मशीन बंद केलं, वायर गुंडाळली आणि कुणाशी न बोलता दोन गल्ल्या पलीकडच्या माझ्या घरी निघून गेलो. तेव्हा मी काही ठरवून केलं नाही. सकाळी लवकर येऊन वळसा मारू, असंच मनात होतं. निदान अकरा वर्षं मी स्वतःला असंच सांगत आलोय.

सकाळी पोचलो तर तिने सांध्यावर हिरवा रंग लावून टाकला होता. हातात ब्रश, गालावर हिरवा ठिपका.

“झालं ना रे दादा, मानेचं?”

आता रंग खरवडायचा, मशीन परत आणायचं आणि काल निघून का गेलो ते सगळ्यांसमोर सांगायचं. त्यापेक्षा सोपं होतं ते मी केलं.

“झालं,” मी म्हटलं.

पोस्टासमोरच्या उतारावर मान सुटली. पोटात आम्ही दोघं पेडल मारत होतो, पण गाडी काही वेगात नव्हती. गोगलगायच ती! पुढचं चाक बाजूला फेकलं गेलं, शंख कलंडला आणि बाबा खुर्चीसकट फुटपाथच्या कडेवर आदळले. लोक आधी हसले. त्यांना वाटलं, हाही खेळाचाच भाग आहे.

बाबांचा खुबा मोडला. मी गाडीचे तुकडे हातगाडीवर घालून शेडमध्ये आणले आणि वर ताडपत्री टाकून ती दोरीने बांधली. इस्पितळात पोचलो तेव्हा बहीण बाकावर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. “पाइप हलका पडला. बाबा सांगत होते मला.” मी तिच्याशेजारी बसलो आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. तोच हात, काल ज्याने चारच टाके मारले होते.

नंतर बाबांना भेटायला माणसं यायची. बाबा त्यांना सांगायचे, “पोरीची मानच कच्ची होती. मी बजावलं होतं. आमच्या या मिस्त्रीच्या हातचं कधी सुटत नाही.” आणि माझ्याकडे बोट दाखवायचे. मिस्त्री! चाळिशीला आलेला माणूस मी, पण तो शब्द ऐकला की छाती भरून यायची. लाज वाटायची नाही असं नाही. पण लाज मागाहून यायची, आधी बरंच वाटायचं.

गाडी अर्धवट असताना एक बाई ती बघून गेल्या होत्या. नाटकांसाठी फिरती, हलती यंत्रं बनवणारं त्यांचं वर्कशॉप दुसऱ्या शहरात होतं. अशीच माणसं आम्हाला हवी आहेत, कधी येताय, असं त्यांचं पत्र आलेलं होतं. बहिणीने नकार कळवला. दुकान बंद केलं. घराखालच्या औषधांच्या दुकानात ती काउंटरवर बसू लागली, कारण बाबांनी वरून घंटी वाजवली की तिला लगेच धावता यायचं. अकरा वर्षं तिने त्यांना उठवलं, बसवलं, अंघोळ घातली. नंतर कधी तिने एखादा स्क्रूसुद्धा हातात धरल्याचं मला आठवत नाही. घरचा मिक्सर बिघडला तेव्हा तिने तो बाहेर दुरुस्तीला दिला. त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही.

दर रविवारी आज सांगायचंच असं ठरवून मी तिथे जायचो. दारात पाऊल टाकलं की आतून बाबांचा आवाज यायचा, “आले का मिस्त्री?” आणि माझ्या तोंडाला कुलूप लागायचं.

गेल्या महिन्यात बाबा गेले. शेड रिकामी करायचं ठरलं. भंगारवाला रविवारी दहाला येणार होता, म्हणून मी सातलाच ग्राइंडर घेऊन गेलो. चोराच्या मनात चांदणं. दोन मिनिटं घासलं की टाक्यांचं नावनिशाण उरलं नसतं आणि गोगलगाय अब्रूसकट भंगारात गेली असती.

दोरी कापून ताडपत्री ओढली. धुळीखाली हिरवा रंग जसाच्या तसा होता. पाइपवरून हात फिरवला. कुठेही वाकलेला नव्हता. पाइपच्या तोंडाशी चार तुटलेले टाके होते, हरभऱ्याएवढे. मी ग्राइंडर लावला, बटण दाबलं आणि दारात ती उभी दिसली.

“थांब दादा! मानेकडून नको कापूस.”

मी बटण बंद केलं. तिच्या हातात वही होती. तीच जुनी वही, पण आता चांगली फुगलेली. तिने उघडून दाखवली. पानापानावर मान. वेगवेगळ्या जाडीचे पाइप, आतून दिलेले आधार, बाजूच्या पट्ट्या. खाली तारखा. काही आठ वर्षांपूर्वीच्या, शेवटची गेल्या आठवड्यातली.

“बाबा झोपले की मी हे करत बसायचे,” ती जराशी ओशाळून म्हणाली. “कितीही वेळा मांडलं तरी तोच पाइप पुरतो असं येतं रे. कुठे चुकतेय तेच कळत नाही. म्हटलं, भंगारात जायच्या आत एकदा बघून घ्यावं, कुठून वाकला ते.”

मी ग्राइंडर खाली ठेवला. पाइप उचलला आणि तिच्या हातात दिला.

“वाकला नाही,” मी म्हटलं. “तुझं चुकलं नव्हतं. मी टाके मारून निघून गेलो होतो. वळसा मारलाच नाही.”

तिने पाइप उजेडात धरला. अंगठ्याने चारही टाके चाचपले. मग पुन्हा चाचपले.

“मी विचारलं होतं तुला.”

“हो.”

“झालं म्हणालास.”

“हो.”

“किती वेळ लागला असता?”

“दहा मिनिटं.”

ती खुर्चीवर बसली. शंखावरून निखळून कोपऱ्यात पडलेल्या त्याच न्हाव्याच्या खुर्चीवर. मला वाटलं आता रडेल, ओरडेल, पाइप माझ्या डोक्यात घालेल. घातला असता तर बरं झालं असतं. ती वहीचं एकेक पान मागे उलटत गेली. दहाला भंगारवाल्याने हाक मारली, तेव्हा उठून बाहेर गेली आणि काही द्यायचं नाही म्हणून त्याला परत पाठवलं. आत येऊन म्हणाली, “मशीन घेऊन ये. पूर्ण वळसा मार.”

“आता काय उपयोग? बैल गेला नि झोपा केला.”

“तो बैल माझा बाप होता,” ती म्हणाली. “मशीन आण.”

मी आणलं. रंग खरवडला, कडा साफ केल्या आणि आयुष्यात मारला नसेल असा वळसा मारला. ती पाठ करून उभी होती. घड्याळ लावलं होतं तिने. “नऊ मिनिटं,” एवढंच म्हणाली.

मग आठवडाभर ती रोज कामावरून आली की शेडमध्ये जायची. चाकांना नव्या ट्यूब, साखळ्यांना तेल, खुर्ची पुन्हा जागेवर. माझ्याशी बोलायची ते फक्त, हे धर आणि ते दे. पुढच्या रविवारी सकाळी तिने वाळूची दोन पोती वजनकाट्यावर ठेवली आणि ओंजळीओंजळीने वाळू कमीजास्त करत बसली.

“किती हवंय?” मी विचारलं.

“एकसष्ट किलो. शेवटी अठ्ठेचाळीस भरत होते. पण तेव्हा एकसष्ट होते.”

पोती खुर्चीवर चढवून बांधली. झारी भरली. मी मागच्या पेडलवर बसायला गेलो, तर म्हणाली, “नको. तू उतर.”

पोस्टासमोरच्या रस्त्यावर दूधवाला आणि एक कुत्रा सोडून कुणी नव्हतं. मी उताराच्या माथ्यावर उभा राहिलो. गोगलगाय निघाली. डोळे हलत होते, शंख डुलत होता, पोटातले पाय कुणाला दिसत नव्हते. जिथे बाबा पडले होते तिथे तिने मुद्दाम हँडल करकचून वळवलं. मान हलली नाही. गाडी वळली, सरळ झाली आणि उतार संपला तिथे जाऊन थांबली.

मी ओल्या रेघेच्या कडेकडेने खाली गेलो. ती गाडीशेजारी उभी होती, मानेवर हात ठेवून.

“टिकली,” मी म्हटलं.

“टिकणारच होती.” तिचा चेहरा क्षणभर सातवीतल्या पोरीसारखा उजळला. मग तिने वर खुर्चीकडे बघितलं. खुर्चीत पोती होती. “महिन्याभरापूर्वी सांगितलं असतंस तरी चाललं असतं रे. त्यांना ऐकू येत होतं शेवटपर्यंत.”

मी रडत होतो, पण त्याचं तिला काय?

झारी रिकामी होत आली होती. तिने ती सोडून घेतली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “बाबा तुला मिस्त्री म्हणायचे, तेव्हा कसं वाटायचं?”

निदान आता खोटं बोलायचं नव्हतं.

“छान वाटायचं,” मी म्हटलं.

“हो,” ती म्हणाली. “मला माहितीये.”