दोन बादल्या खारं पाणी

सरळच सांगते, मला त्या टँकचा रागच आला होता. ह्यांच्या सत्तरीला आमच्या मुलानं, मानसनं, पुण्यात बसल्या-बसल्या फोनवरून काचेची ही भलीमोठी पेटी पाठवली. राजेंद्र नगरातलं आमचं घर ते केवढं! त्यात सोफा सरकवायचा, माझी शिलाई मशीन बाल्कनीत काढायची आणि तिथे समुद्र बसवायचा. इंदूरमध्ये समुद्र! नळाला पाणी दिवसाआड येतं, आणि ह्यांचे चोचले बघा.

दुकानवाला यशवर्धन सकाळी आला. त्यानं टँक मांडला, पाण्यात मीठ कालवलं, दगड रचले आणि दुपारी पिशवीतून दोन मासे काढून सोडूनही दिले. नारिंगी अंग, त्यावर पांढरे पट्टे. आमचे हे डुलकी काढून बाहेर येतात तर मासे पोहतायत.

"अरे भिया, ये क्या किया तूने? पानी तो अभी कच्चा है!" हे ओरडलेच.

"अंकलजी, बर्थडे है ना आज. खाली टँक गिफ्ट में कैसा लगता?" तो म्हणाला आणि पाणी पिऊन, पोहे खाऊन निघून गेला. पोहे मीच दिले, काय करणार.

ह्यांची चौतीस वर्षं पाणी तपासायच्या लॅबमध्ये गेली. त्यामुळे मग माझी शाळा सुरू झाली. मासे त्याच पाण्यात घाण करतात, त्यातून अमोनिया होतो, अमोनिया म्हणजे माशांना विष. ते विष खाणारे बारीक जंतू दगडांवर आणि वाळूत आपोआप वाढतात, पण त्यांना महिना-दीड महिना लागतो. तोवर मासे आणायचेच नसतात. आता आणले, ते पुन्हा पिशवीत कोंबून दुकानात, पार मल्हारगंजात पाठवायचे, तर धसक्यानंच जायचे.

"मग आता?" मी विचारलं.

"आता रोज टेस्ट. नळीत टँकचं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे; पिवळं राहिलं तर शून्य, मतलब सगळं ठीक. हिरवट झालं की अमोनिया चढला. मग टँकमधलं दोन बादल्या पाणी काढायचं आणि दोन बादल्या ताजं खारं पाणी घालायचं. खायला दिवसाआड, एक चिमूट. बेबी, चाळीस दिवस ह्यांना जगवून दाखवतो की नाही बघ."

"एक चिमूट? माझ्या घरात आजवर कुणी उपाशी राहिलेलं नाही."

"तुझ्या मायेनंच मरतील ते. हात लावायचा नाही डब्याला."

मी तोंड वाकडं केलं, पण खरं सांगू, मला बरं वाटलं. रिटायर झाल्यापासून हे नुसते पेपर उलटत बसायचे. आता मागच्या खोलीत निळा ड्रम आला. त्यात हे आरओचं पाणी ओतायचे, मीठ तोलून घालायचे, काटा असलेल्या मापानं खारटपणा मोजायचे. टँकच्या पाण्याशी तंतोतंत जुळलं पाहिजे, नाहीतर माशांना झटका बसतो म्हणे. एक जुनी वही काढली, पट्टीनं रकाने आखले. एक दिवस चहा पिता पिता मला म्हणाले, "त्यातली मोठी ती बायको. ह्यांच्यात बायकोच मोठी असते."

"मग आपल्या घरात शोभतील," मी म्हटलं. किती दिवसांनी हसले हो ते!

चौथ्या दिवशी सकाळी दोन्ही मासे वर, पाण्याच्या कडेला आले. तोंड उघड-मीट, गालांची धडधड चाललेली. ह्यांनी नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, हलवलं, खिडकीपाशी रंगांच्या कार्डाला लावून धरलं. बराच वेळ धरलं.

"पिवळा. शून्य," म्हणाले. वहीत काहीतरी लिहिलं, नळी तशीच खिडकीत ठेवली आणि आंघोळीला गेले.

मी खिडकी पुसायला गेले आणि माझे हातच थांबले. मेथी धुतल्यावर पातेल्यात जसं पाणी उरतं ना, तशी हिरवी होती ती नळी. कार्ड लावून बघितलं, उजेडात बघितलं, पदरानं काच पुसून बघितलं. हिरवीच.

आता हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मागल्या वर्षी डॉक्टरनं ह्यांना सांगितलं होतं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, सगळं पिवळट दिसायला लागेल, आता काढून टाका. हे उठून आले ते चार दिवस बोलले नाहीत. ह्यांचे थोरले भाऊ, अच्युतदादा, तीस वर्षांपूर्वी त्यांचा डोळा ऑपरेशननंतर गेला तो गेलाच. तेव्हा दवाखान्यात दादांचा हात धरून हेच बसले होते. आणि दुसरं म्हणजे ह्यांची नजर. लॅबमध्ये क्लोरीनचा रंगही पिवळाच बघायचा असायचा, किती गडद, किती फिका. मशिनी आल्या तरी शंका आली की पोरं नळी घेऊन ह्यांच्याकडे यायची. 'गजाननजी की नज़र' म्हणजे पक्की मोहोर! त्या माणसाला मी कुठल्या तोंडानं सांगू, अहो, तुम्हाला हिरवा दिसत नाही?

आणि नाही सांगितलं तर मासे मरणार. तेही ह्यांनी शून्य म्हटल्यावर. मग ह्यांनी पुन्हा नळी हातात धरली नसती आणि दवाखान्याचं नावही काढू दिलं नसतं. मी ओळखते ना माझ्या माणसाला.

दुपारी दोनला हे आडवे झाले, घोरायला लागले. मी पदर खोचला. टँकमधून मगानं पाणी काढलं, दोन बादल्या. ड्रममधून घेतलं, हळूहळू ओतलं, दोन बादल्या. अर्धी-अर्धी बादली करून नेली, कारण माझे गुडघे काही चांगले नाहीत. काढलेलं पाणी कुठे टाकू? घाईघाईत बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ओतलं. साडेतीनला मासे खाली उतरले, आणि मी देवापुढे साखर ठेवली.

त्या दिवसापासून रोजचं हेच सुरू झालं. हे सकाळी टेस्ट करायचे, "पिवळा," म्हणायचे, नळी खिडकीत सोडून आंघोळीला जायचे. मी रंग बघायची. हिरवा गडद असला की दुपारी दोन बादल्या, फिका असला की एक. कंबर दुखली की मलम लावायची आणि सांगायची, झाडलोट जास्त झाली आज. खोटं बोलायचा मला फार कंटाळा आहे, पण ह्या वयात ते तोंडात सहज यायला लागलं होतं.

कढीपत्ता आठवड्यात वाळला. खारं पाणी ते, माझंच डोकं चाललं नाही. पुढे मी मोरीत ओतायला लागले.

"कढीपत्ता का गेला गं?" ह्यांनी विचारलं.

"उन्हानं."

"फेब्रुवारीत?"

"इंदूरचं ऊन काय फेब्रुवारी बघून पडतं का?" मी म्हटलं. हे "हं" म्हणाले आणि मागच्या खोलीत गेले.

तिसऱ्या आठवड्यात हिरवा फिकट होत चालला. मी आपली एकेक बादली करत होते. मासे आता दगडामागे लपाछपी खेळायचे, मी समोर गेले की मोठी काचेशी यायची आणि माझ्याकडे टक लावून बघायची. आधी रागानं 'तुमचे मासे' म्हणणारी मी, कधी 'आमची बाई' म्हणायला लागले, मला कळलं नाही. एकदा डोळा चुकवून जास्तीची चिमूट घालणार होते, पण हात मागे घेतला. तेवढं शिकले होते.

मग एक दिवस नळी पिवळी झाली. मला वाटलं, मलाही मोतीबिंदू झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळी, तिसऱ्या दिवशीही. मी बादलीला हात लावला नाही. आठवडाभर पिवळी. जंतू तयार झाले होते, टँक आपलं आपण सांभाळायला लागला होता. मोरीत जाऊन मी जरा रडले. दमले होते हो.

चाळिसाव्या दिवशी सकाळी हे चहा घेऊन टँकपुढे बसले आणि म्हणाले, "बेबी, ती वही आण. मानसला आकडे पाठवायचेत. माझा चष्मा सापडत नाहीये, तूच वाच."

चष्मा शर्टाच्या खिशात होता. मी सांगणार होते, पण तोवर वही उघडली होती.

तारीख, रंग, तपासणारा, असे तीन रकाने. पहिले तीन दिवस पिवळा, पिवळा, पिवळा, तपासणारा गजानन. मग चौथा दिवस. अक्षर मोठं, ओळ वाकडी. मी मोठ्यानं वाचायला लागले.

"'चौथा दिवस. मला पिवळा दिसतो. नवं पाणी, दोन मासे, आज शून्य येऊच शकत नाही. चूक नळीची नाही.'"

मी मान वर केली. हे टँककडेच बघत होते. "पुढे वाच," म्हणाले.

"'पाचवा दिवस. कढीपत्त्याच्या मातीवर मिठाचा थर. ड्रम दोन बादल्यांनी कमी. बेबीनं पाणी बदललं. म्हणजे काल हिरवा होता. ड्रम भरून ठेवला.'"

तपासणारा ह्या रकान्यात लिहिलं होतं, बेबी.

सहावा, दोन बादल्या, हिरवा, बेबी. सातवा, दोन बादल्या, हिरवा, बेबी. एकोणिसावा, एक बादली, फिकट हिरवा, बेबी. तेहतिसावा, ड्रम भरलेला, पिवळा, बेबी. खाली खालपर्यंत माझंच नाव. आणि मी येडी! रोज दोन बादल्या काढत होते आणि ड्रम रोज सकाळी काठोकाठ भरलेला कसा, हे एकदासुद्धा डोक्यात आलं नाही. जन्मभर वापरली की लगेच नळी धुवायची ह्यांची सवय, आणि तीच नळी खिडकीत माझ्यासाठी ठेवून जात होते. दुपारचं ते घोरणं तरी खरं होतं का, देव जाणे.

"सांगायचं तरी!" मी वही आपटलीच. "माझे गुडघे गेले, कंबर गेली, माझा कढीपत्ता गेला! एका शब्दानं बोलला असता तर!"

"तू तरी कुठे बोललीस?"

"मी काय बोलणार होते? तुमची नजर..." माझे डोळे भरून आले आणि त्याचाच जास्त राग आला.

ह्यांनी माझ्या हातातून वही घेतली. "मी रोज ठरवायचो, आज सांगतो. मग तू मगानं पाणी काढतेस तो आवाज यायचा, आणि वाटायचं, अजून एक दिवस. बेबी, मला भीती वाटते गं. दादाचा हात असा थंड पडला होता माझ्या हातात."

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मी त्यांच्याजवळ बसले. त्यांचा हात धरला, तो गरम होता.

"शेवटचं पान बघ," ते म्हणाले.

शेवटच्या पानावर एकच ओळ होती. मंगळवार, सकाळी नऊ, डावा डोळा. वेळ त्यांनीच फोन करून घेतली होती, मला न सांगता. पुढे तपासणारा ह्या रकान्यात डॉक्टरचं नाव होतं, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात, बेबी बाहेर बसेल ना?

"महिनाभर बादल्या उचलल्या," मी नाक पुसत म्हटलं, "आता खुर्चीत बसायला काय होतंय मला? आणि बाहेर नाही, आत येऊ देतील तिथपर्यंत येणार."

मग मी उठले, डबा उघडला आणि टँकमध्ये एक चिमूट खाणं टाकलं. मासे वर आले. मी आणखी एक चिमूट टाकली. ह्यांनी काही बघितलं नाही. मतलब, बघितलं, पण बोलले नाहीत.