दशांशचिन्हानंतरचं

त्या ओळीवर बोट ठेवून तिने ती पुन्हा वाचली. श्रवणयंत्र वाटपाचा जुना प्रोग्रॅम नव्या सर्व्हरवर हलवायचा होता, आणि नऊ वर्षांपूर्वी तो तिनेच लिहिला होता. तीन चाचण्यांची सरासरी काढायची आणि ती जवळच्या पूर्ण आकड्यात घ्यायची, असा नियम. तिच्या ओळीने मात्र दशांशचिन्हानंतरचं सगळं सरळ छाटून टाकलं होतं. यंत्र मिळायला चाळीस टक्के बहिरेपण लागत असे.

तिने नाकारलेल्यांची यादी काढली. एकशे बारा जण एकोणचाळीसवर अडकले होते. त्यांत तिचे काका होते. त्यांच्या तीन चाचण्या: चाळीस, एकोणचाळीस, चाळीस.

तो नकार आला तेव्हा घरभर हशा पिकला होता. "काकांना सोयीचं तेवढंच ऐकू येतं," हे वाक्य तर तिचंच. पुढे काकू न्हाणीघरात घसरून पडली. तासभर हाका मारत राहिली. काका बाहेरच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करत बसले होते. ऐकू आलं नाही, असं ते शपथेवर सांगत राहिले. कुणी मानलं नाही. काकूचं हाड जुळलं, मन जुळलं नाही. सहा वर्षं ती त्यांच्याशी थेट बोलली नव्हती.

साहेबांना चूक लेखी कळवून पुतणी दुपारीच काकांकडे गेली. ते खिडकीशी डोळ्याला भिंग लावून बसले होते. काकू भाजी निवडत होती.

"काकू, काकांना मशीन मिळायला हवं होतं. माझ्यामुळे राहिलं."

"अगं, कागदावर स्वच्छ लिहिलं होतं की, बहिरेपण पुरेसं नाही म्हणून."

"तो कागद माझ्याच प्रोग्रॅमने काढला होता. एक ओळ चुकली माझी."

काकूचे हात थांबले.

"मग त्या दिवशी मी घसा फुटेस्तोवर हाका मारल्या, त्या?"

"दार बंद होतं, काकू. गेल्याच नसतील त्यांना ऐकू."

काकांनी भिंग काढलं आणि दोघींच्या तोंडांकडे पाहिलं.

"काय म्हणतेय ही?"

त्यांना सांगायला पुतणी उठायला लागली. काकूने हातानेच तिला खाली बसवलं, काठी टेकत खिडकीशी गेली आणि काकांच्या कानाशी वाकली.

"माझं चुकलं," ती मोठ्याने म्हणाली.

'असं म्हणतेय' हे काकू पुढे जोडेल म्हणून पुतणी थांबली. काकूने काही जोडलं नाही.