चौकटीबाहेरचा ठिपका

केंद्रापासून ठिपका बरोबर अकरा मिलिमीटरवर होता. शुभदाने स्टीलची पट्टी सरळ करून पुन्हा मोजलं. अकराच.

समोर रंजिता बसली होती. एकेकाळची तिची विद्यार्थिनी, आता स्वतःचं संशोधन करणारी. तिने आणलेला नकाशा रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणातून काढलेला होता. दूरच्या एका दीर्घिकेच्या मध्यातून उजवीकडे निघालेला ठळक झोत, आणि डावीकडे हा ठिपका. आपल्यापासून दूर जाणारा दुसरा झोत. इतका अंधूक, की आजवर कुणालाच दिसला नव्हता.

“लेखाचे परीक्षक म्हणतात, हा खरा कशावरून? आकडेमोडीतलं भूत असेल,” रंजिता म्हणाली. “जुन्या एखाद्या निरीक्षणात दिसला तरच छापणार. मॅडम, याच दीर्घिकेची तुमची ती बारा वर्षांपूर्वीची डिस्क चालली असती ना...”

“हं.”

“आईनं सुकट पाठवलीय, घरी वाळवलेली.” तिने डबा पुढे सरकवला. खुर्चीखालची मांजर लगेच उठून बसली. “बघा, कशी टक लावून बसलीय! तुम्ही माझ्या नकाशाकडे बघताय ना, अगदी तशीच.”

शुभदा हसली, पण अंमळ उशिरा.

रंजिताचा फोन वाजला. ती गॅलरीत गेली. “आये, मॅडमकडं नेरूळला हाय. जेवन झाकून ठेव गं.”

तेवढ्यात शुभदाने खण ओढला. वर तिचा जुना नकाशा होता, त्याखाली डिस्क. नकाशातली खरखर काढताना आधी एक चौकट आखावी लागते. जे आत ते खरं धरायचं, बाहेरचं सोडून द्यायचं. तिने तेव्हा चौकट नेटकी, घट्ट आखली होती. फक्त उजव्या झोताभोवती. डावीकडे काहीतरी पुसट होतं. तिथे तिने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढच्या उन्हाळ्यात बघू म्हणून ठेवून दिलं.

यंदा मार्चमध्ये रंजिताने पहिल्यांदा डिस्क मागितली. ‘बिघडली गं ती,’ हे शब्द शुभदाच्या तोंडून किती सहज निघाले होते! त्याच रात्री तिने चौकट मोठी केली. ठिपका वर आला. मग ती स्वतःच लेख लिहायला बसली. दर वेळी ‘प्रथमच आढळले’ इथवर यायची आणि थांबायची. आढळलं तिला नव्हतं. जिला आढळलं तिला चौकट आखायला तिनेच शिकवलं होतं. रंजिताने ती फक्त मोठी आखली. तेवढंच. तेवढंच शुभदाला बारा वर्षांत जमलं नव्हतं.

रंजिता आत आली, नकाशाची गुंडाळी करू लागली. “जाऊ दे, मॅडम. लेख मागे घेते. उद्या कळवून टाकते त्यांना.”

“थांब.”

शुभदाने जुना कागद टेबलावर पसरला. प्रश्नचिन्हाशी पट्टी लावली आणि ती तशीच धरून ठेवली, रंजिताला वाकून वाचता येईल अशी.

रंजिताने आकडा वाचला. मग वर बघितलं.

“डिस्क बिघडलेली नाही,” शुभदा म्हणाली. “कधीच बिघडली नव्हती. घेऊन जा.”