गिरणीवाल्याचं बसणं

"ताई, माले काहीच दिसत नही," अभिमन आबा म्हणाले.

जळगावातल्या पिंप्राळ्याच्या विठ्ठल मंदिरात सकाळचं ध्यान नुकतंच संपलं होतं. बायका सतरंज्यांच्या घड्या घालत होत्या. आबा मात्र आपल्या सतरंजीवरून उठायला तयार नव्हते.

"रुपचंदले निळा उजेड दिसस. कोणाले घंटी आयकू येस. मी डोया मिचा का माले गिरनीना पट्टा दिसस, अन् कोना डबा कोठे ठेवा ते दिसस. इतका महिना बठनू, काय फायदा?"

"रुपचंदभाऊंचं सोडा," ज्योत्स्नाताई म्हणाल्या. "ते वायरमन होते. त्यांना जन्मभर उजेडच दिसत आला."

सगळे हसले, रुपचंदसुद्धा हसले. आबा हसले नाहीत.

ज्योत्स्नाताई यावलकडच्या. कीर्तन करतात आणि गावात मुक्काम असला की सकाळी चार माणसांना घेऊन शांत बसतात. त्यांच्या कीर्तनाला एकदा गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला घेऊन येतो. चढ्या सुरात नाम घ्यायला लावतील, टाळ्या वाजवायला लावतील, आणि माणूस रंगात आला की अगदी हळू आवाजात असं काही विचारतील, की घरी जाईपर्यंत ते पाठ सोडणार नाही.

"आबा," त्या जवळ येऊन म्हणाल्या, "केळीचा घड भरतो तेव्हा घडाला कळतं का? बागवानाला कळतं."

"म्हंजे कोनले इचारू?"

"अक्कांना विचारा."

कोकिळाअक्कांना, म्हणजे बायकोला विचारायचं! आबांना हे औषध काही पटलं नाही. गिरणीकडे जाताना ते वाटभर स्वतःशीच पुटपुटत राहिले.

आबांची पिठाची गिरणी पिंप्राळ्यात, रिक्षा थांबतात त्या कोपऱ्यावर. जन्म गिरणीच्या घरघरीत गेलेला, त्यामुळे आवाज मुळातच मोठा, आणि त्या आवाजावर राग स्वार असायचा. बायका दळणाचे डबे दारातच ठेवून पळायच्या. "संध्याकाळी नेते हो भाऊ" हे वाक्य त्या रस्त्यावरूनच म्हणायच्या.

त्या रागाने दीड वर्षापूर्वी घर फोडलं. कार्तिकी एकादशी होती. आदल्या दिवशी मुलगा समाधान गिरणीवर बसला होता आणि गर्दीत त्याने भिकुअक्कांची उपासाची भगर ज्वारीवरच दळून दिली. उपासाचं दळण टाकायचं तर गिरणी थांबवायची, दगड उघडून कुंच्याने झाडायचा, पहिली मूठ गाईसाठी बाजूला काढायची, हे त्या घरात पाळण्यातल्या पोरालाही माहीत. भिकुअक्कांना दुसऱ्या घासाला ज्वारी लागली आणि लग्नापासून धरलेली एकादशी मोडली. म्हातारी रडत गिरणीवर आली. आबांनी मुलाच्या हातातला डबा हिसकून रस्त्यावर फेकला, रांगेतल्या बायकांसमोर त्याच्या थोबाडीत मारली आणि म्हणाले, "चालता हो मनी गिरनीमाथून!"

समाधान चालता झाला. बायकोला, सारिकेला, घेऊन धुळ्याला गेला. तिथे देवपुरात भाड्याच्या गाळ्यात त्याने स्वतःची गिरणी टाकली. मुलगी झाली, तिचं नाव मयुरी ठेवलं, हे जळगावला फोनवरून कळलं. बाळाशी बोलताना कोकिळाअक्का मोबाईलवर पदर फिरवायच्या, काच पुसल्यासारखा.

त्या दिवसांत मंदिरात सप्ताह होता. आबा गेले ते घरी बसवेना म्हणून. ज्योत्स्नाताईंनी नाम थांबवलं आणि विचारलं, "देवळात तुम्ही हळू बोलता. का, तर इथे देव आहे. आणि घरी काय, कोणीच नाही?" कीर्तनातलं वाक्य लागतं ते असं. सांगितलं जातं हजारांना, असतं एकाचंच. आबा दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन सतरंजीवर बसले, ते अजून बसताहेत. गुडघे दुखतात, डुलकी लागते, पट्टा दिसतो, तरी बसतात.

दुपारी जेवताना त्यांनी शेवटी विचारलंच.

"कोकिळा, मी बठस ते... काही फरक पडना का?"

अक्कांनी भाकरी थापायचा हात थांबवला. "आज काय इचारी ऱ्हायनात तुमी?"

"ताई म्हनन्यात, इचारा."

"परवा भाजी करपनी व्हती ना?"

"करपनी व्हती. मी काय बोलनू का?"

"बोलनात नही, तेच सांगी ऱ्हायनू. आधी तुमनी चप्पल गल्लीना तोंडाशी वाजनी का मी गॅस बारीक करू. आज कोनता अवतार शे ते आधी आयकू, मंग ताट वाढू. परवा तुमी कवय उनात, हात धोईसन बठनात, माले समजनं बी नही. त्या नादमा भाजी करपनी." त्या हसल्या आणि पदराने डोळे टिपले. "चूलनी धग लागनी," म्हणाल्या. चूल कुठली, गॅस होता.

आबांना आठवलं, की भिकुअक्का हल्ली डबा ठेवून जात नाहीत. गिरणीतच पोत्यावर बसतात आणि सुनेच्या कागाळ्या सांगतात. ते त्यांनी नुसतं पाहिलं होतं, त्याचा अर्थ लावला नव्हता.

"मंग आते धुळ्याले जा," अक्का म्हणाल्या. अक्षय्य तृतीया, म्हणजे खानदेशची आखाजी, जवळ आली होती. "आखाजी उनी. त्यासले घीसन या."

"आन् तठे मनी जीभ सुटनी तर?"

"सुटनी तर सुटनी. नात चालाले लागनी अन् आपन तिले काचमा दखी ऱ्हायनूत."

आबांनी ताटाला हात जोडले आणि उठले. भीती होती ती हीच. इथे भाजी करपली तर गप्प राहता येतं. पण पोराने वर्मावर बोट ठेवलं तर? एक शब्द जास्तीचा गेला की धुळ्याचंही दार बंद, मग फोनवरची नातही गेली.

तरी ते निघाले. अक्कांनी बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा बांधून दिला. एस.टी.त खिडकीशी बसून पारोळ्यापर्यंत ते मनात वाक्यं जुळवत होते. पुढे मुकटीच्या आसपास सगळी वाक्यं विसरले.

समाधानने "या" म्हटलं, पाया पडला, पाणी दिलं. चेहरा मात्र शटर ओढून घेतल्यासारखा. सारिकेनं मयुरीला पुढे केलं, तर ती आबांच्या पांढऱ्या मिशा बघून आईच्या मागे लपली. आबा गाळ्याच्या कोपऱ्यात पोत्यावर बसले. ओळखीचा वास होता, गरम पिठाचा, आणि तीच घरघर. समाधान पाठमोरा काम करत होता. त्याला टक्कल पडायला लागलं होतं.

दुपारी समाधान जादाचा पट्टा आणायला बाजारात गेला आणि सारिका गिरणीवर उभी राहिली. कडेवर मयुरी, समोर रांग. एका म्हाताऱ्या बाईने भगर दिली, "उद्या चतुर्थी शे वं माय, उपासनं शे," असं सांगितलंही. पोर रडत होती. सारिकेनं भगर ज्वारीवरच ओतली. आबांच्या लक्षात आलं तोवर पीठ पडायला लागलं होतं, आणि नेमका समाधान दारात उभा.

"डोकं कोठे ठेयेल व्हतं?" तो ओरडला. घरघरीच्या वर गेला त्याचा आवाज. "उपासनं शे ते दिसस नही? चालती हो आठून! चालती हो!"

सारिका मान खाली घालून उभी राहिली. मयुरीने दोन्ही कान हातांनी झाकले. रडली नाही. कान झाकायची तिला सवय दिसत होती.

आबांच्या अंगात राग चढला. पायापासून चढला, जसा नेहमी चढायचा. त्यांना वाटलं होतं, इतक्या दिवसांच्या बसण्यानं तो येणार नाही. आला. फक्त एवढंच झालं, की तो येताना त्यांना दिसला. गल्लीच्या टोकाला ओळखीचा माणूस दिसावा, आणि तो दारात येईपर्यंत आपल्याला उठून उभं राहायला वेळ मिळावा, तसं. पोराला ओरडू नको म्हणून ओरडायला ते तोंड उघडणार होते. त्यांनी तोंड मिटलं. उठले, समाधानजवळ गेले आणि काहीतरी बोलले.

"काय?" समाधान म्हणाला.

आबा पुन्हा तेवढ्याच हळू बोलले. घरघरीत काही ऐकू येईना. समाधानने चिडून खटका पाडला. गिरणी फिरत फिरत मंदावली आणि थांबली.

"हाऊ आवाज मना शे," आबा म्हणाले. "तू मनाकडथून लिधा. आते माले परत दी दे."

"आते सुचनं तुमले?" समाधान म्हणाला. "बठ्ठी बायासमोर मनी थोबाडमा मारी, तवय? दीड वरीस माले झोपमा ती थापड आयकू येस, आबा."

आबांना पुष्कळ सांगता आलं असतं. म्हातारीची एकादशी, घराण्याचं नाव, बापाची काळजी. ते सगळं जिभेपर्यंत आलं आणि तिथेच थांबलं.

"हो," ते म्हणाले. "मी मारी. चुकनं मनं."

समाधान भांडायला उभा होता, आणि समोर भांडण नव्हतं. त्याचे हात उगाच पँटला पुसले गेले.

"ओ भाऊ," रांगेतली म्हातारी म्हणाली, "तुमनं बापलेकनं होऊ द्या सावकाश. पन मनी भगरनं काय? उपास मना शे."

कोणीतरी फिसकन हसलं. समाधानने समोरच्या दुकानातून नवी भगर आणवली. आबांनी दगड उघडला, कुंच्याने झाडला आणि पहिली मूठ बाजूला काढून सारिकेच्या हातात दिली. "गायले टाकजो, बेटा," म्हणाले. सारिकेनं मूठ घेतली आणि सासऱ्यांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

रात्री जेवताना आबांनी आखाजीचा विषय काढला.

"आखाजीले नही जमनार," समाधान ताटाकडे बघत म्हणाला. "इतल्या लवकर नही जमनार, आबा."

"बरं," आबा म्हणाले. अक्कांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आखाजीला अंगणात बांधायचा झोका आला. त्यांनी बिबडा मोडला आणि अर्धा मयुरीपुढे धरला. बऱ्याच वेळाने तिने तो घेतला, आणि लगेच आईच्या मागे जाऊन खाल्ला.

सकाळी परतीची गाडी होती. घर म्हणजे गाळ्यामागची एकच खोली, सारे निजलेले. म्हणून आबा मागच्या दाराने गाळ्यात उतरले आणि गिरणीशेजारी पोतं टाकून बसले. डोळे मिटले. पट्टा दिसला. बिनसांगता डोळ्यांत पाणी आलं, ते पुसलं नाही. नाम घेत राहिले, अडखळत.

शटर वर गेल्याचा आवाज झाला. दळणाची वेळ झाली होती. समाधानची पावलं खटक्यापाशी आलेली त्यांना ऐकू आली. आता घरघर सुरू होईल, मग उठू, असं म्हणून ते वाट बघत राहिले.

घरघर सुरू होईना.

"लाईट नही का रे?" बाहेरून कोणीतरी विचारलं.

"शे," समाधानचा आवाज आला, इतका हळू, की आबांना तो आधी दुसऱ्याच कोणाचा वाटला. "थोडा दम धरा. मना आबा बठेल शेत."

आणि दारातल्या बायकांनी आपापले पत्र्याचे डबे फरशीवर टेकवले, एकाचाही आवाज होऊ न देता.