कोरी चकती

मिस्त्रींनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्ट कुठल्या मजल्यावर अडकणार हे त्यांना तारेच्या आवाजावरून कळायचं, पण घरात बायको काय म्हणते आहे ते मात्र तीनदा सांगावं लागायचं. बायकोची त्याला फारशी तक्रार नव्हती. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची आणि एकच गोष्ट तीनदा सांगणं हा तिचा धंदाच होता. "क्लच. क्लच. अहो, क्लच!" बावीस वर्षांत गल्लीतले निम्मे लोक तिच्या हाताखालून गेले होते, त्यामुळे लहानथोर सगळे तिला मास्तरीणबाईच म्हणत.

मागच्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. श्वासासाठी गळ्याच्या तळाशी एक भोक ठेवलं होतं, त्यावर ती पातळ रुमाल बांधायची. काही सांगायचं असलं की पांढऱ्या पाटीवर मार्करने लिहायची आणि मिस्त्रींचं लक्ष नसलं की पाटी त्यांच्या नाकापुढे नाचवायची.

आठ महिन्यांनी वाचातज्ज्ञ बाईंनी एक उपाय सुचवला. फोनमध्ये टाइप केलं की फोन बोलून दाखवतो, पण तो आवाज कुणातरी परक्याचा असतो. मास्तरीणबाईंचं जुनं बोलणं कुठे साठवलेलं असेल, तर फोन त्यांच्याच आवाजात बोलू शकेल.

"पंधरा-वीस मिनिटं तरी हवं. स्वच्छ, एकटीचा आवाज. मागे गलका नको," बाई म्हणाल्या.

मास्तरीणबाईंनी पाटीवर लिहिलं, 'नको.'

मिस्त्री म्हणाले, "बघतो."

बघण्यासारखं एकच ठिकाण होतं. कपाटाच्या वरच्या फळीवर दहा छोट्या चकत्या होत्या, तळहातावर मावतील एवढ्या. एके काळी मास्तरीणबाई आणि त्यांची धाकटी बहीण, दोघींनी मिळून एक कॅमेरा घेतला होता. त्यात या चकत्या घालून चित्रीकरण व्हायचं. कॅमेरा कायम मास्तरीणबाईंच्या हातात असायचा, त्यामुळे दहा चकत्यांत त्या स्वतः कुठेच दिसत नव्हत्या. बोलत मात्र सगळीकडे होत्या.

कॉम्प्युटरच्या दुकानातल्या बाईंनी चकती हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"काका, ही फटीत सरकवायच्या ड्राइव्हमध्ये घालू नका हं. आत जाईल ती जाईल, बाहेर यायची नाही. असा ट्रे बाहेर येणारा ड्राइव्ह घ्या. मधे हा लहान गोल खड्डा दिसतोय ना, त्यात बसवायची. मग आतला सगळा फोल्डर कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा. चकतीवरूनच कापाकापी करायला जाऊ नका, रडत बसाल."

मिस्त्रींनी एका कागदावर सगळ्या पायऱ्या लिहून घेतल्या. एक, उतरवणं. दोन, संपादनाच्या प्रोग्रॅमला चालेल अशा प्रकारात बदलणं. तीन, कापणं. चार, चित्र काढून टाकून नुसता आवाज ठेवणं. लिफ्टच्या देखभालीचा तक्ता ते असाच लिहायचे. कागद त्यांनी पडद्याच्या कडेला चिकटवला.

दोन दिवसांत नऊ चकत्या उतरल्या. जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर, शेजारी चकत्यांची चवड. मास्तरीणबाई येता-जाता त्या पसाऱ्याकडे तिरप्या नजरेने पाहायच्या आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या.

नऊ चकत्यांमध्ये मुलाची शाळा होती, तळ्याकाठची सहल होती, शेजारणीच्या मांजरीची पिल्लं होती. आवाज भरपूर होता, पण कामाचा थोडा. कुठे वारा, कुठे पोरांचा कल्ला, कुठे कुणीतरी मध्येच बोललेलं. आणि मास्तरीणबाईंचं बोलणंही कसं, तर हुकूम सोडल्यासारखं. "इकडे बघा." "हळू चाला." "हां, आता वळा." "वळा म्हटलं ना!" सगळं कापून, झाडून-पुसून हातात राहिली सहा मिनिटं, त्यात 'इकडे बघा' एकेचाळीस वेळा. एवढ्या भांडवलावर फोन दुसरं काय बोलणार होता?

दहावी चकती घातली तर कॉम्प्युटर म्हणाला, चकती कोरी आहे, वापरायला तयार करायची का? मिस्त्रींचं बोट 'हो'वर जाऊन थांबलं. त्यांनी चकती बाहेर काढली आणि खिडकीपाशी तिरपी धरली. चकचकीत बाजूवर आतून सुरू झालेला एक गडद पट्टा होता, बाहेरची कड फिकट. कोऱ्या वस्तूवर असा पट्टा नसतो. त्यांनी दुकानात फोन लावला.

"हात लावू नका!" दुकानवाल्या बाई ओरडल्याच. "कोरी नाही ती. फायनलाइझ करायची राहिली आहे. म्हणजे कसं, पुस्तक लिहून झालंय पण अनुक्रमणिका लावलेली नाही, त्यामुळे बाहेरच्या कुणाला वाचता येत नाही. ज्या कॅमेऱ्यात भरली त्याच कॅमेऱ्यात घालून बंद करावी लागेल. कॅमेरा आहे ना?"

"आहे," मिस्त्री म्हणाले. "पण आमच्याकडे नाही."

कॅमेरा धाकटीकडे होता आणि धाकटीशी बारा वर्षं बोलणं नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. दोघी बहिणींची आई धाकटीकडे राहायची. आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला हे दोघं गेले होते. आतल्या खोलीचं दार घासत होतं म्हणून मिस्त्री बिजागरी बसवत होते. बाहेर येऊन पाहतात तर बायको खांद्याला पर्स लावून दारात उभी, डोळे लाल. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "मला पाहुणी म्हणाली ती. माझ्या आईच्या घरात मला पाहुणी!" दुसऱ्याच आठवड्यात तिने आपली चकती काढून घेऊन कॅमेरा एका नातेवाइकाच्या हाती परत पाठवून दिला. पुढे आई गेली, तेव्हा दोघी बहिणी खोलीच्या दोन टोकांना उभ्या राहिल्या.

बायकोचा राग कालांतराने निवला असता कदाचित. मिस्त्रींनी मात्र तो आपल्या अंगावर घेतला. धाकटीच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी न उघडता परत केली. कुणी विषय काढला तर म्हणायचे, "ज्या घरात आम्ही पाहुणे, तिथे आमचं काय काम?"

तरी ते गेले. बायकोला सांगितलं, वायर आणायला चाललोय.

दार धाकटीनेच उघडलं. केस पांढरे झाले होते. तिने त्यांना आपादमस्तक पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई बरी आहे ना?"

"बरी आहे."

"बोलता येत नाही, असं कानावर आलं होतं."

"येत नाही."

ती बाजूला झाली. मिस्त्रींनी उभ्या उभ्याच आपलं काम सांगितलं. आवाज, फोन, चकती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन कॅमेरा घेऊन आली, चार्जरची वायर व्यवस्थित गुंडाळलेली होती.

"सून दोनदा टाकून द्यायला निघाली होती," ती म्हणाली. "पण काय करायचं ते इथे करा, भावोजी. कॅमेरा अर्धा माझा आहे. एकदा गेलेली वस्तू तुमच्या घरून परत कशी येते ते मी पाहिलंय."

बॅटरी केव्हाच मेली होती, पण वायर लावल्यावर कॅमेरा सुरू झाला. मिस्त्रींनी चकती घातली. बंद करण्याआधी तीच आहे ना एवढं पाहावं म्हणून त्यांनी ती चालवली.

इवल्याशा पडद्यावर आई दिसली, केकसमोर बसलेली. मान पुन्हा पुन्हा छातीवर कलत होती. "आई, इकडे बघ. आई. इकडे." मग चित्र गर्रकन फिरलं आणि टेबलक्लॉथवर स्थिर झालं. कॅमेरा टेबलावर ठेवला होता, बंद करायचा राहिला होता.

"किती गोळ्या देतेस तिला?" मास्तरीणबाईंचा आवाज. अगदी जवळून, खणखणीत.

"डॉक्टरांनी लिहून दिल्यात तेवढ्या."

"झोपवून ठेवतेस. तुझी सोय होते ना तेवढीच."

मग धाकटी म्हणाली, "ताई, गॅसवर दूध आहे. आले मी."

"मी बोलतेय तुझ्याशी! दोन-दोन महिन्यांनी येते म्हणून मला विचारायचा हक्क नाही? मी काय पाहुणी आहे या घरात?"

"असं मी कधी म्हटलं?"

"म्हणायला कशाला हवं? तोंडावर दिसतंय तुझ्या!"

मिस्त्रींना वाटलं, बंद करावं. पण धाकटी शेजारी येऊन बसली होती आणि ऐकत होती. अकरा मिनिटं ते चाललं. त्यात धाकटीची सगळी मिळून सात-आठ वाक्यं होती, तीही हळू आवाजात. पाहुणी हा शब्द तिच्या तोंडून एकदाही आला नाही.

पडदा काळा झाला.

"मलाही वाटायला लागलं होतं," धाकटी म्हणाली, "की रागाच्या भरात म्हटलं असेन मी. सगळेच तसं म्हणत होते." मग म्हणाली, "आई गेल्यावर मी तीनदा फोन केला होता. तीनदाही ताई घरात नव्हती."

मिस्त्रींनी कॅमेऱ्याच्या बटणाकडे पाहिलं. "घरातच होती. मी तिला सांगितलं नाही."

"माहीत होतं मला. मागून तिचा आवाज यायचा."

कॅमेऱ्याने चकती बंद करायला सहा-सात मिनिटं घेतली. हलवू नका, वायर काढू नका, अशी सूचना पडद्यावर लुकलुकत राहिली. दोघंही हलले नाहीत. निघताना धाकटीने चहाचं विचारलं, मिस्त्री नको म्हणाले.

घरी आल्यावर चकती मुकाट्याने उतरली. आवाजाच्या दृष्टीने ती सोन्यासारखी होती. वारा नाही, पोरं नाहीत, तोंड माइकपासून हातभर अंतरावर. जे नऊ चकत्यांत मिळालं नव्हतं ते एका भांडणात मिळालं. मिस्त्रींना ते परस्पर कापून देता आलं असतं. धाकटीची वाक्यं काढायची, 'पाहुणी'चं वाक्य काढायचं, बाकीचं वाचातज्ज्ञ बाईंच्या हवाली करायचं. कुणाला काही कळलं नसतं. त्यांनी कर्सर त्या वाक्यावर नेऊन ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग उठून बायकोला हाक मारली.

तिने हेडफोन लावून सगळं ऐकलं. एकदा थांबवून मागे नेलं आणि तेवढाच भाग पुन्हा ऐकला. तिच्या चेहऱ्यावर विशेष काही दिसलं नाही. शेवटी तिने पाटी ओढली.

'मीच म्हणाले होते.'

"हो."

'तुम्ही गेला होतात तिच्याकडे.'

"हो. आणि अजून एक आहे," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी तीन फोनांचं सांगून टाकलं. "तुझी बाजू घेतोय असं वाटायचं मला."

तिने मार्करचं टोपण लावलं. चार दिवस ते निघालं नाही. आवाज नसलेल्या बाईचा अबोला इतरांना कळायचा नाही, मिस्त्रींना मात्र तो पहिल्या अर्ध्या तासातच कळला. ताट वाढलेलं असायचं, कपडे घडी घातलेले असायचे, पाटी खुंटीला. त्यांनीही काही समजावण्याचा प्रयत्न केला नाही. पाचव्या दिवशी सकाळी टेबलावर पाटी दिसली.

'आवाज द्या त्या बाईंना. अख्खी अकरा मिनिटं. माझं काहीही गाळायचं नाही. फक्त तिचं काढा, तो आवाज तिचा आहे.'

आवाज तयार होऊन आला तो तीन आठवड्यांनी. वाचातज्ज्ञ बाई जरा संकोचून म्हणाल्या, "नमुन्यात भावना जास्त होत्या, त्यामुळे सूर थोडा चिडका लागतोय. हवं असल्यास मवाळ करता येईल."

"राहू दे," मिस्त्री म्हणाले. "ओळखीचा आहे."

त्या रविवारी मास्तरीणबाईंनी रुमाल बदलला, फोन पर्समध्ये टाकला आणि गाडीच्या चाव्या स्वतः घेतल्या. मिस्त्री शेजारी बसले. धाकटीच्या दारात उभं राहून मास्तरीणबाईंनी घंटा वाजवली. दार उघडलं तसा त्यांनी फोन समोर धरला आणि बटण दाबलं. वाक्य त्यांनी आदल्या दिवशीच टाइप करून ठेवलं होतं.

"चूक माझी होती," फोन कडाडला. "तू म्हणाली नव्हतीस. मी म्हणाले होते."

धाकटी दचकून एक पाऊल मागे सरकली. मग तिने बहिणीकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं.

"माफी मागतेयस की दम देतेयस गं, ताई?"

मास्तरीणबाई हसल्या. त्यांच्या हसण्याला आता आवाज नव्हता, नुसते खांदे हलायचे आणि गळ्यावरचा रुमाल फडफडायचा. धाकटीने हे पहिल्यांदाच पाहिलं. तिने रुमालाकडे बोट केलं, दुखतं का म्हणून विचारलं. मास्तरीणबाईंनी मान हलवली, नाही. मग धाकटीने तिचा हात धरून तिला आत नेलं आणि दार मिस्त्रींनी लावून घेतलं.

ते संध्याकाळपर्यंत थांबले. मिस्त्रींशी धाकटी बोलली, पण मोजकं. ते त्यांना मान्य होतं. आता ती दर गुरुवारी येते. बहुतेक बोलणं तीच करते, मास्तरीणबाई टाइप करतात, आणि मतभेद झाला की फोनचा आवाज जिन्यापर्यंत ऐकू जातो.