उपाशी ठेवलेला माणूस

शालनबाईंनी सुनेच्या हातातला डबा घेतला, झाकण उघडलं आणि पेजेत बोट बुडवून आधी स्वतः चाखलं. मग डबा कॉटखाली सरकवला.

"ही न्हाई द्यायची त्याला. मी कॅन्टीनातनं आणते."

अंजली मागं सरली. कॉटवर तिचा नवरा जयसिंग भिंतीकडे तोंड करून पडला होता. चाकणच्या कंपनीत मशीनपुढे उभा असताना त्याचे पाय एकाएकी लुळे पडले, तेव्हा त्याला इथं हॉस्पिटलात आणलं. त्याआधी कितीतरी आठवडे जुलाब चालूच होते, नुसते पाण्यासारखे. अंगातलं पोटॅशियम वाहून गेलं, म्हणून पायातला जोर गेला, असं डॉक्टर म्हणाले. सलाइन लावलं की तो सावरायचा आणि पुन्हा खाली जायचा.

कासारवाडीत घराशेजारच्या इंदुताईंनी शालनबाईंच्या कानावर घातलं होतं, की अंजली दारू सोडवायच्या पावडरीची चौकशी करत होती. जेवणात कालवायची, पिणाऱ्याला कळतही नाही, ती. तेव्हापासून सासूची नजर तिच्या हातांवर होती.

इंदुताई खोटं बोलल्या नव्हत्या. अंजलीनं पावडर आणली होती, वरणात घातलीही होती. जुलाब सुरू झाले तशी घाबरून उरलेली मोरीत ओतली. तरी ते थांबले नाहीत.

डॉक्टर सादिका मुजावर राउंडला आल्या.

"घरचं काही औषध? काढा, जडीबुटी? कोणी काही देत होतं का?"

शालनबाईंनी सुनेकडे पाहिलं. अंजलीच्या ओठांवर आलेलं तिथंच थांबलं.

"नाही," ती म्हणाली.

डॉक्टर क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. "ठीक आहे. दोन दिवस पोटात काहीच द्यायचं नाही. फक्त सलाइन. जुलाब थांबले, तर दोष खाण्यात आहे असं धरू."

शालनबाई कॉटलगत सतरंजी टाकून बसल्या त्या हलल्याच नाहीत. अंजलीला त्यांनी पाण्याच्या बाटलीलाही हात लावू दिला नाही. ती दाराशी उभी राहून आतला कानोसा घेत राहिली. जुलाब थांबू देत म्हणावं, तर दोष आपल्यावर येणार. न थांबोत म्हणावं, तर नवरा जाणार. काय मागावं तिला कळेना.

ते थांबले नाहीत. पोटात कण नसताना तसेच वाहत राहिले. भांडं शालनबाईच उचलत होत्या, त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

मग स्कॅन झालं. डॉक्टरांनी दोघींना समोर बसवलं.

"स्वादुपिंडावर लहानशी गाठ आहे. ती रक्तात एक द्रव्य सोडते. ते आतड्याच्या पेशींना लागलं, की पेशीच्या आत इशारा सुरू होतो, मीठ आणि पाणी बाहेर टाका. आपल्यात तो थोड्या वेळानं विझतो आणि आतडं मीठ-पाणी परत आत ओढून घेतं. यांच्यात तो विझतच नाही. म्हणून उपाशीपोटीही वाहतंय. गाठ काढता येईल."

"म्हंजी खाण्यातलं न्हाई?" शालनबाईंनी विचारलं.

"नाही, आजी. खाण्याचा काही संबंध नाही."

शालनबाई पदराचं टोक चोळत बसल्या. मग चहा आणते म्हणून बाहेर गेल्या.

अंजली कॉटजवळ आली. डॉक्टर जे म्हणाल्या ते तिनं जयसिंगला सांगितलं.

"वरण कडू लागायचं," तो हळूच म्हणाला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या घासालाच कळलं."

"मग खाल्लंत कशाला?"

"माझ्याच्यानं दारू सुटत नव्हती. म्हटलं, अशी सुटली तर सुटू दे."

"आणि जुलाब लागले तेव्हा? डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

तो पुन्हा भिंतीकडे वळला.

"त्यांनी विचारलं तेव्हा मी जागा होतो," तो म्हणाला. "वाटलं, तू सांगशील."

शालनबाई चहाचे दोन कप घेऊन आल्या. एक त्यांनी अंजलीपुढे धरला. नजर मात्र फरशीकडे होती.

"घे," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. उगाच तुझ्यावर संशय घेतला."

अंजलीला कप धरता येईना.