डब्यातले लाडू आणि गायत्रीची साखर

सकाळी साखर २९०.

"लाडू चोरलास!" महेश्वरी लेकीवर सगळ्यांदेखत ओरडली. तेरा वर्षांची गायत्री इन्सुलिनवर होती. तिला पहिलं न्हाण आलं म्हणून सात मावश्यांनी रीतीप्रमाणं तीळगुळाच्या लाडवांनी घर भरलं होतं.

"न्हाय खाल्ला गं!"

दुपारी ३१०. महेश्वरीनं डब्याला कुलूप घातलं. मावश्या तोंडाला पदर लावून आपापल्या गावी गेल्या.

संध्याकाळी ३२०. कुलूप जागेवर. घाबरून महेश्वरीनं डॉक्टरांना फोन लावला.

"पाळी सुरू व्हायच्या वयात साखर अशीच चढते. पोरीचा दोष नाही. डोस वाढवू," डॉक्टर म्हणाले.

महेश्वरी खजील झाली. "चुकलं गं माझं."

"मला कशाला सांगतीस? मावश्यांना सांग. एकेकीला."

सात फोन करायचे म्हणून महेश्वरीनं आधी मोबाइल चार्जिंगला लावला.